आमच्या घरातला माणूस पडत नाही

त्या शहराला जायचं तर थंडीत जा, असं जो तो सांगतो. उन्हाळ्यात तिथले दगड तव्यासारखे तापतात, पावसात गल्ल्या निसरड्या होतात. थंडीत मात्र ऊन अंगाला गोड लागतं आणि फोटो चांगले येतात. आमच्या घरातली माणसंही त्या शहराला थंडीतच जायची, पण फोटोसाठी नाही. आम्ही गवंडी. जुन्या भिंतींचं चुन्याचं काम थंडीतच करावं लागतं. उन्हात चुना घाईने सुकतो, आणि घाईने सुकलेला चुना वर्षभरात भुगा होऊन गळतो. त्यामुळे पाहुणे आणि गवंडी एकाच वेळी त्या शहरात येतात आणि एकमेकांच्या पायात येतात. माझा धाकटा भाऊ तिथल्या जुन्या मनोऱ्यावरून खाली आला, त्याला आता तीन वर्षं झाली.

पडला की उडी मारली, हा प्रश्न आमच्या घरात कधी निघाला नाही, कारण उत्तर मी आधीच देऊन टाकलं होतं. उडी मारली. मी तोंडाची फटकळ आहे आणि एकदा बोलले की घरात दुसरं कुणी तोंड उघडत नाही. मला त्याचा अभिमानही होता.

आमचे वडील चाळीस वर्षं बांबूच्या परांचीवर चढले. जेवताना हटकून सांगायचे, आपल्या घरातला माणूस पडत नाही. आजोबा पडले नाहीत, काका पडले नाहीत, मी पडलो नाही. पडतो तो पायाकडे न बघणारा, आणि पायाकडे न बघणारा गवंडी कसला, नुसता दगड वाहणारा. गावात कुणी परांचीवरून पडलं की वडील भेटायला जायचे, पण घरी येऊन नाक मुरडायचे. मुलगी म्हणून मला थापी मिळाली नाही, चुना चाळायला तेवढा मिळाला. ही मिजास मात्र मला भावापेक्षा चार मापं जास्त मिळाली. आता मी फरशीच्या दुकानात खोकी मोजते, तरी भिंत दिसली की तिच्या दरजा बघते. दोन दगडांमधली फट, तिला आम्ही दरज म्हणतो. भाऊ दरजा भरण्यात एक नंबर होता.

तो गेला त्या दिवशी मीच आधी पोहोचले. माझं गाव जवळ, भावजयीचं लांब, त्यात तिची पोरगी तापाने फणफणलेली. भावजय एवढीशी, म्हणून तिला लग्नापासून सगळे चिमणी म्हणतात. मी बसमध्ये असताना तिचा फोन आला. रडता रडता बोलून गेली, "ताई, सकाळीच मी त्यांना बोलले हो. पोरगी आजारी आहे, दोन दिवस येऊन जा म्हटलं. ते म्हणाले, थंडी आहे तोवर काम सोडता येत नाही. मग मी म्हटलं, तिथेच राहा, येऊच नका." विश्वासाने बोलली बिचारी. कुणापुढे बोलतेय, ते तिला कळायला हवं होतं.

चौकीतला हवालदार कागद पुढे ओढून म्हणाला, "पाय घसरला असेल ना, बाई?" शेजारी ठेकेदाराचा मुकादम उभा होता, हातांची घडी घालून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझा भाऊ कापडाआड निजला होता, आणि हा माणूस त्याला पाय घसरणारा ठरवत होता. मी म्हटलं, "आमच्या घरातला माणूस पडत नाही. लिहा. त्याने उडी मारली. बायकोने सकाळी फोनवर हाकलून दिलं त्याला, म्हणून मारली." हवालदाराने मान वर केली आणि विचारलं, "नक्की ना?" मी म्हटलं, "मी त्याची सख्खी बहीण आहे. माझ्याइतकं नक्की कुणाला असणार?" आणि खाली झोकात सही ठोकली. मुकादमाने लगबगीने बाहेर जाऊन माझ्यासाठी स्वतः चहा आणला. मला वाटलं, भला माणूस आहे.

घरी आल्यावर तेच मी चारचौघांत चिमणीच्या तोंडावर बोलले. "तू मारलंस त्याला." अंगणात माणसं उभी होती. पायरीवर छोटी बसली होती, तिची पोरगी, अकरा वर्षांची, कपाळाला पट्टी बांधलेली. मी तिला पाहिलं होतं. पाहूनही बोलले.

तेव्हापासून छोटी आईशी कामापुरतं बोलते. वाढ. दार लाव. सही हवी आहे. शनिवार-रविवार माझ्याकडे असते, परीक्षेआधी तर आठ-आठ दिवस. माझ्याजवळ मात्र तिची बडबड थांबत नाही. मला मूलबाळ नाही. खरं सांगायचं तर मला ते बरं वाटत होतं, फार बरं वाटत होतं.

या वर्षी थंडी पडायला लागली आणि एके दिवशी चिमणी दुकानात येऊन उभी राहिली. तीन वर्षांत तिने माझ्या डोळ्याला डोळा दिला नव्हता, त्या दिवशी दिला. म्हणाली, "त्या शहरातून फोन आला होता. तिथे चुना मळणाऱ्या आजी आहेत, यांच्या हाताखाली होत्या. म्हणतात, हा शेवटचा हंगाम, मग काम सोडणार. त्याआधी एकदा पोरीला घेऊन ये, मला काही सांगायचंय, फोनवर सांगण्यासारखं नाही."

"मग जा की."

"छोटी माझ्याबरोबर येत नाही. तुम्ही असाल तरच येईन म्हणते." मग आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, ते माझ्यामुळे गेले असतील तर तसं कळू दे. नसतील तर पोरीला कळू दे. मला दुसरं काही नको. ती मला आई म्हणून हाक मारत नाही हो."

मी हो म्हटलं. तिच्यावर उपकार म्हणून नव्हे. मला वाटलं, चला, एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे, माझंच खरं ठरेल.

रविवारी सकाळी आम्ही तिथे उतरलो. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. जुन्या कोटाच्या दरवाजातून आत गेलो तर गल्लीभर पाहुणे, गळ्यात कॅमेरे, डोक्याला लोकरी टोप्या. दोन्ही बाजूंना टोप्या, पोस्टकार्डं आणि मनोऱ्याच्या मातीच्या प्रतिकृती विकणारे. छोटीने एक प्रतिकृती हातात घेतली, उलटीपालटी केली आणि परत ठेवली. माझ्या तोंडून निघालं, "दरजा तरी नीट काढायच्या." विकणाऱ्याला काही कळलं नाही.

आजी मनोऱ्यामागच्या भिंतीवर कामाला आहे, तिथेच भेटायचं असं फोनवर ठरलं होतं. पण मनोऱ्याच्या आवारात एकट्यादुकट्याला सोडत नाहीत, गाईडबरोबर घोळक्याने जावं लागतं. आमच्या वाट्याला आलेला गाईड हातात मिटलेली लाल छत्री उंच धरून चालायचा, म्हणजे माणसं चुकत नाहीत. मफलर, चकचकीत बूट, तोंडात साखर. "छत्रीकडे लक्ष ठेवा, मंडळी! छत्री हरवली तर मी हरवलो, मी हरवलो तर तुम्ही कायमचे इथले रहिवासी!" लोक हसत होते. छोटीही हसली. चिमणी माझ्या मागे चालत होती, मनोरा दिसायला लागल्यापासून तिने मान वर केली नव्हती.

मनोऱ्यापाशी छत्रीवाला थांबला. आधी राजाची गोष्ट झाली, मग वेढ्याची, मग घंटेची. मग त्याने आवाज उतरवला. "आता वर बघा, मंडळी. तिसऱ्या खिडकीच्या डाव्या हाताला. तिथवरच्या फटी नव्या दिसतात, पांढऱ्या. आणि पुढच्या उघड्या. दिसल्या? ही गोष्ट कुठल्या पुस्तकात मिळणार नाही."

सगळ्यांनी माना वर केल्या. मीही केली. एवढ्या खालूनही मला भावाचा हात ओळखू आला. दगडाच्या कडेला चुना जरा आत दाबलेला, कुठे लेप फासलेला नाही.

"तीन वर्षांपूर्वी इथे एक गवंडी काम करत होता," छत्रीवाला सांगू लागला. "हाडाचा कारागीर. पिढ्यान् पिढ्या त्यांच्या घरातलं कुणी उंचावरून पडलं नव्हतं. एक दिवस सकाळी बायकोचा फोन आला. म्हणाली, येऊ नकोस, मला दुसरा मिळालाय. हा काही बोलला नाही. संध्याकाळपर्यंत काम केलं. शेवटच्या फटीत ओल्या चुन्यावर आपल्या अंगठ्याचा ठसा उमटवला, तिची आठवण म्हणून. वर जाऊन झरोक्यातून पाहिलंत तर आजही दिसतो. आणि मग दोन्ही हात पसरून..." त्याने छत्री आडवी धरली. घोळक्यातली एक बाई "अरे देवा" म्हणाली. दोघांनी वरचा फोटो काढला.

चिमणीच्या तोंडावर रक्त उरलं नव्हतं. छोटी आईकडे बघत होती. 'दुसरा मिळालाय' हे तिच्यासाठीही नवीन होतं.

मी पुढे झाले. "कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

"कागदावर आहे, बाई. मी हवेतल्या गोष्टी सांगत नाही," छत्रीवाला हसत म्हणाला. "त्याच्या सख्ख्या बहिणीचा जबाब आहे चौकीत. मोठी खमकी बाई. पाय घसरला म्हणणाऱ्याला तिने तिथल्या तिथे गप्प केलं होतं. आता थोडं तिखटमीठ आमचं, ते चालायचंच."

त्या क्षणी मी गप्प बसले. मी, जिचं तोंड कुणी बंद केलं नव्हतं. अंगठ्याचा ठसा प्रेमाचा नसतो, चुना किती आळला ते बघायला अंगठा दाबतात, एवढंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही.

घोळका वर चढायला लागला तशा आम्ही तिघी मागच्या बाजूला सरकलो. तिथे भिंतीला टेकून चुन्याचा हौद होता, वर गोणपाट घातलेलं. आजी पायात गोणपाटाचे तुकडे बांधून फावड्याने चुना खालीवर करत होती. सत्तरीची असेल. हात कोपरापर्यंत पांढरे, बोटांची कातडी सोललेली. चुना हात खातो. आमच्या वडिलांचेही हात असेच होते, भावाचेही. आम्ही लहानपणी हसायचो, बाबांच्या हाताला बोटांचे ठसेच नाहीत म्हणून.

तिने चिमणीला पाहिलं आणि फावडं टाकलं. "तू त्याची बायको. आणि ही पोरगी, नाक सगळं त्याचं आहे." मग माझ्याकडे पाहिलं. "या कोण?"

"त्याची बहीण," मी म्हटलं.

आजी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. मग उलट्या घमेल्यावर बसली. "बरं झालं. तुम्ही पण ऐका."

तिने जे सांगितलं ते असं. त्या शनिवारी मुकादमाने मनोऱ्याची परांची अर्धी उतरवली. सुट्टीला पाहुण्यांची गर्दी, फोटोत बांबू आडवे येतात म्हणून वरून तक्रार आली होती. पण तिसऱ्या खिडकीच्या डावीकडची भरती अर्धी राहिली होती, आणि ओल्या चुन्याला अर्ध्यावर सोडता येत नाही. भाऊ म्हणाला, दोराने लटकून पुरं करतो. नवा दोर मागितला. मुकादम म्हणाला, सोमवारी येईल, आज गोणपाट बांधायचा दोर आहे तो घे. तो तागाचा दोर सगळा हंगाम चुन्यात भिजत पडला होता.

"मी म्हटलं त्याला, नको रे चढू, हा दोर चुन्याने खाल्लाय," आजी म्हणाली. "तर हसला. म्हणतो, आजी, आमच्या घरातला माणूस पडत नाही. आणि म्हणतो, आज दोन घमेली जास्त मळ. खिडकीपर्यंत आजच आटपतो, म्हणजे उद्याची पहाटेची गाडी पकडतो. पोरीला ताप आहे, बायको चिडलीय, जाऊन येतो दोन दिवस."

चिमणीच्या घशातून एक आवाज आला. छोटीने तोंडावर हात धरला होता.

"उडी मारणारा माणूस दोन घमेली जास्त मळायला सांगतो का?" आजी म्हणाली. "पुढच्या सगळ्या दरजा त्याने खरवडून, पाणी मारून ठेवल्या होत्या. अजून तशाच उघड्या आहेत, बघा जाऊन. मी खाली उभी होते. दोराचा एक पीळ तुटला, तो हलला. मग दुसरा. त्याने दोन्ही हातांनी दोर धरला, वरच्या अंगाला. खाली बघून मला ओरडला, बाजूला हो, आजी, बाजूला हो! तेवढा वेळ मिळाला त्याला, मी बाजूला होण्याइतका. मग हातातून दोर सुटत गेला."

वरच्या झरोक्यातून छत्रीवाल्याचा आवाज येत होता आणि लोक हसत होते.

मीच विचारलं, कारण गप्प राहणं मला जमत नव्हतं, "मग तुम्ही तेव्हा का नाही सांगितलं?"

"सांगितलं की. त्याच संध्याकाळी चौकीत गेले. हवालदार म्हणाला, आजी, त्याची सख्खी बहीण, गवंड्याच्या घरातली, ती लिहून देऊन गेली की आमची माणसं पडत नाहीत. तुझं कोण ऐकणार? मुकादम म्हणाला, कामावर यायचंय ना उद्या?" आजीने हात झटकले. "मी आले कामावर. दुसरं काय करणार होते? दोर त्याने त्याच रात्री जाळला. पण मी म्हटलं, दोर नसला म्हणून काय झालं, हात होते की. धरलेला दोर सुटला तर हात सोलून निघतात. मेलेल्याचे हात कुणीतरी पाहिले असतील."

चिमणी सावकाश माझ्याकडे वळली. तिने त्याला पाहिलं तेव्हा तो गुंडाळलेला होता, गळ्यापर्यंत. मी तसं गुंडाळून आणला होता.

"ताई," ती म्हणाली. "हात तुम्ही पाहिले होते."

खोटं बोलायला माझी कधी ना नव्हती. दुकानात दिवसाला दहा वेळा बोलते. म्हणणार होते, अगं, गवंड्याचे हात, चुन्याने सोललेलेच असतात, त्यात काय ओळखणार? तीन वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले होते. पण छोटी बघत होती, आणि नाक सगळं त्याचं.

"पाहिले होते," मी म्हटलं.

दवाखान्याच्या त्या गार खोलीत माणसाने कापड बाजूला केलं होतं आणि मी भावाचा हात हातात घेतला होता. तळव्याला कातडी नव्हती. मधोमध आडवी, लाल, बोटाएवढी रुंद वाट, दोन्ही हातांना. मांसात तागाचे धागे अडकले होते. चुना असं करत नाही. मी गवंड्याची मुलगी, मला ते बघताक्षणी कळलं होतं. दोन धागे मी नखाने काढलेसुद्धा. मग त्याच्या मुठी मिटवल्या, कापड ओढलं आणि चौकीत जाऊन सांगितलं की आमच्या घरातला माणूस पडत नाही. मेलेल्या भावापेक्षा मला ते वाक्य जड वाटलं. हे कुणाला समजावून सांगता येत नाही, आणि समजलं तरी माफ करण्यासारखं नाही.

"मग तू असं का सांगितलंस, आत्या?" छोटीने विचारलं. रागाने नाही. खरंच कळत नसल्यासारखं.

"मला लाज वाटली," मी म्हटलं. "तो पडला याची."

तिने एकदा मान हलवली, गणित ऐकून घेतल्यासारखी. मग चार पावलं जाऊन आईशेजारी उभी राहिली. हात धरला नाही, बोलली नाही, नुसती उभी राहिली. चिमणी मला शिव्या देईल असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तीन वर्षं, ताई," आणि खाली बसून रडायला लागली. आजीने आपले पांढरे हात पदराला पुसले आणि तिच्या पाठीवर ठेवले.

मी पुढच्या अंगाला आले. छत्रीवाला नवा घोळका घेऊन उभा होता, राजा आणि वेढा आटोपून तिसऱ्या खिडकीपाशी पोहोचला होता. "पिढ्यान् पिढ्या त्यांच्या घरातलं कुणी उंचावरून..."

"पडला तो," मी म्हटलं.

माणसं वळली.

"माझा भाऊ पडला. दोर कुजका होता. त्याने दोर धरला होता, हात सोलेपर्यंत धरला होता. उडी मारली नाही. त्याच्या बायकोला कुणी दुसरा मिळाला नव्हता. उद्या घरी जाणार होता तो. पडला." पहिल्यांदा म्हणताना जीभ उचलत नव्हती. नंतर थांबवता येईना.

पुढच्या रांगेतला एक माणूस मोबाइल वर धरून माझं चित्रण करत होता. एका आजोबांनी मागून टाळी वाजवली, त्यांना वाटलं, हेही कार्यक्रमात आहे. छत्रीवाला क्षणभर गांगरला, पण तो मुरलेला गडी. माझ्या खांद्याला हलकेच हात लावून म्हणाला, "बाई, शांत व्हा. जबाब आहे कागदावर, त्याच्या सख्ख्या बहिणीचा."

"मीच ती बहीण."

त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. डोळे सुजलेले, पदराला चुना, केस विस्कटलेले. "हो, हो," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, आणि घोळक्याकडे वळून आवाज उतरवला. "त्या बहिणीबद्दल मी ऐकलंय, मंडळी. ती अशी नव्हती." मग छत्री उंच झाली आणि घोळका वर चढायला लागला. एका बाईने जाता जाता माझ्या हातात पाण्याची बाटली दिली.

चौकी गाठली तर तिथे एकच शिपाई. रविवार. जबाब बदलायचा असेल तर उद्या साहेब आल्यावर या म्हणाला. आणि स्वतःच्या सहीचा जबाब खोटा होता असं लिहून द्यावं लागेल, त्याचं जे काय होईल ते तुमच्यावर येईल, हेही सांगितलं. जुना हवालदार बदलून गेला, ठेकेदाराचं नावही आता दुसरं आहे. मी म्हटलं, उद्या येते. दवाखान्याजवळच्या एका खोलीवजा लॉजमध्ये रात्रीपुरती जागा विचारून ठेवली.

परतीची गाडी संध्याकाळी होती. मी स्टँडवर पोहोचले तेव्हा त्या दोघी आधीच आत बसल्या होत्या, खिडकीजवळ छोटी, शेजारी चिमणी. त्यांच्या मध्ये आजीने दिलेली पुरचुंडी होती. आत भावाची थापी, तीन वर्षं तिने जपून ठेवलेली. मी मागच्या बाकड्यापाशी उभी राहिले. सांगायचं होतं की मी थांबतेय, उद्या सगळं लिहून देणार आहे. वाक्य मनात चार वेळा जुळवलं. काच बंद होत नव्हती, गार वारा आत येत होता. छोटीने गळ्यातला मफलर काढला आणि बघितल्या न बघितल्यासारखं करत पुढे केला. "आई, घे. तुला वारा लागतोय."

चिमणीने तो घेतला, पण गुंडाळायला तिला वेळ लागला.

कंडक्टर तिकिटं फाडत आला. आधी त्यांच्याकडे बघितलं, मग मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे. "तिघी एकत्र का?"

छोटीने मागे वळून मला पाहिलं. चांगलं नीट पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "आम्ही दोघी."

मी खाली उतरले. मी थांबणार आहे, हे मी त्यांना अजून सांगितलं नव्हतं.